१०७ मेडल आणि चौथा नंबर: एशियाडची टॅली वाचायची कशी?

प्रश्न असा आलाय की २०२३ ला चीनमधल्या हांगझोऊ एशियाडला भारताला १०७ मेडल मिळाली, त्यात २८ गोल्ड, टॅलीत म्हणजे देशांच्या मेडल यादीत चौथा नंबर, आणि मग दहा महिन्यांनी पॅरिस ऑलिम्पिकला एकही गोल्ड नाही, हे कसं काय? एशियाडचा चौथा नंबर खरा धरायचा का? आणि एखादा देश अशा स्पर्धेत चांगला खेळला की नाही हे ठरवायचं कशावरून?

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी बावीस वर्षं मिडल आणि लाँग डिस्टन्सच्या मुलामुलींना कोचिंग करतोय, त्यामुळे माझं बघणं ट्रॅकच्या बाजूनं जास्त आहे हे आधीच सांगतो. पण टॅली वाचायची सवय मला पहिल्यापासून आहे आणि प्रत्येक एशियाडनंतर मी वहीत इव्हेंटप्रमाणे सगळं उतरवून काढतो, त्यातून जे दिसतं ते सांगतो.

सगळ्यात आधी टॅली लावतात कशी ते बघा. गोल्ड आधी मोजतात, मग सिल्व्हर, मग ब्राँझ. हांगझोऊला जपानची एकूण मेडल १८८ आणि दक्षिण कोरियाची १९०, तरी जपान वर, कारण जपानची गोल्ड ५२ आणि कोरियाची ४२. खाली अजून मोठा फरक आहे. बहरीन नववा, मेडल फक्त २०, पण त्यातली १२ गोल्ड. कझाकस्तान अकरावा, मेडल ८० आणि गोल्ड १०. आता मला सांगा, यातला खेळात मोठा देश कुठला? बहरीनचं बहुतेक सोनं ॲथलेटिक्समधलं, आणि त्यांचे बरेच धावपटू मूळचे केनिया, इथिओपिया, नायजेरियाचे. ते नियमात बसतं, मी त्याला नावं ठेवत नाही, पण तो नववा नंबर म्हणजे तिथल्या गल्लीबोळातली पोरं पळतायत असा अर्थ होत नाही. कझाकस्तानची ८० मेडल मात्र कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो असं करत करत जमलेली, म्हणजे तिथं तालमी भरलेल्या आहेत. टॅली हे सांगत नाही, ती फक्त नंबर सांगते.

आता आपली २८ गोल्ड. मी ती खेळाप्रमाणे मांडतो, बघा. शूटिंग ७, ॲथलेटिक्स ६, आर्चरी ५, कबड्डी २, क्रिकेट २, स्क्वॉश २, आणि बॅडमिंटन, टेनिस, हॉकी, घोडेस्वारी प्रत्येकी १. झाली २८. यात शूटिंगच्या ७ पैकी ५ टीमची आहेत, म्हणजे तीन नेमबाजांचा स्कोअर एकत्र करून मिळालेली, जसं आपल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं दिव्यांश पनवार आणि ऐश्वर्य तोमरबरोबर १८९३.७ चा वर्ल्ड रेकॉर्ड करून १० मीटर एअर रायफलचं पहिलं गोल्ड आणलं. आर्चरीची पाचही गोल्ड कंपाउंडची म्हणजे पुलीवाल्या धनुष्याची, त्यात नागपूरच्या ओजस देवतळेची तीन आणि साताऱ्याची अदिती स्वामी टीममध्ये. आता पॅरिसचा कार्यक्रम घ्या. तिथं कबड्डी नाही, क्रिकेट नाही, स्क्वॉश नाही, कंपाउंड आर्चरी नाही आणि शूटिंगमध्ये तिघांच्या टीमचं मेडल नाही. २ अधिक २ अधिक २ अधिक ५ अधिक ५, झाली १६. म्हणजे आपल्या २८ पैकी १६ गोल्डना पॅरिसला दारच नव्हतं! राहिली १२. त्यात ॲथलेटिक्सची ६, शूटिंगची वैयक्तिक २ (सिफ्त कौर सामरा आणि पलक), सात्विक-चिरागचं बॅडमिंटन, बोपण्णा आणि आपल्या ऋतुजा भोसलेचं टेनिसमधलं मिक्स्ड डबल्स, पुरुष हॉकी आणि घोडेस्वारीत ड्रेसाजची (घोड्याच्या कवायतीची) टीम.

याचा अर्थ ती १६ गोल्ड हलकी आहेत असा कुणी काढू नका. ओजसनं जे बाण मारले ते जगात कुठंही मारले असते तरी जिंकलाच असता, तो त्याच वर्षी बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झालेला होता आणि अदितीसुद्धा. कंपाउंडमध्ये आपण आशियात नाही तर जगात वरचे आहोत. मुद्दा एवढाच की एशियाड आणि ऑलिम्पिक यांचे पेपरच वेगळे आहेत, एका पेपरचे मार्क दुसऱ्यात धरून हिशोब केला की मग "असं कसं झालं" वाटतं.

दुसरी गोष्ट, जी मला कोच म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. पेपर तोच असला तरी वर्ग वेगळा असतो. अविनाश साबळेचं उदाहरण घेतो कारण ती माझी इव्हेंट आहे, मी त्यात पोरं तयार करतो. स्टीपलचेस म्हणजे ३००० मीटर, त्यात २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा वॉटर जंप, पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटीमीटर उंच आणि तो हर्डलसारखा पडत नाही, पाय लागला तर माणूस पडतो. हांगझोऊला अविनाश सुरुवातीपासून पुढं गेला आणि एकटाच पळाला, मागं कोणी नाही, शेवटी तर मागं वळून बघत बघत आला. ८ मिनिटं १९.५० सेकंद, एशियाडचा रेकॉर्ड, गोल्ड. पुढच्या वर्षी जुलैमध्ये त्यानं पॅरिस डायमंड लीगला ८:०९.९१ चा नॅशनल रेकॉर्ड काढला. मग ऑलिम्पिक फायनलला तो ८:१४.१८ पळाला, म्हणजे हांगझोऊपेक्षा पाच सेकंदांहून जास्त फास्ट, आणि आला अकरावा. जिंकणारा मोरोक्कोचा एल बक्काली ८:०६.०५.

हे दोन आकडे मी माझ्या पोरांना ग्राउंडवर फळ्यावर लिहून दाखवतो. तोच माणूस, जास्त जोरात पळाला, आणि पहिल्याचा अकरावा झाला. तो कमी पडला असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण पॅरिसला तो चांगलाच पळाला, फक्त तिथं केनिया, इथिओपिया, मोरोक्को असतात जे एशियाडला नसतात. म्हणून देशाची कामगिरी बघताना मेडलच्या बाजूला टायमिंग, अंतर, स्कोअर लिहा, आणि जगात त्या वर्षी तो कितव्या नंबरला बसतो ते बघा. असं केलं की नीरज चोप्राचं ८८.८८ मीटरचं गोल्ड आणि किशोर जेनाचं ८७.५४ चं सिल्व्हर वेगळ्या रकान्यात जातं, कारण ते फेक कुठल्याही स्टेडियममध्ये मेडलजवळ जाणारे आहेत. आणि समोर कोण होतं तेही बघा, हांगझोऊला पाकिस्तानचा अर्शद नदीम दुखापतीमुळे उतरलाच नव्हता, पॅरिसला उतरला आणि ९२.९७ फेकून गेला, नीरज ८९.४५ वर सिल्व्हर.

आता बाकीचे देश. प्रत्येकाचा एशियाडकडे बघायचा हेतू वेगळा असतो आणि तो कळल्याशिवाय तुलना चुकते.

इंडोनेशियाचं बघा. २०१४ ला इंचॉनमध्ये त्यांची ४ गोल्ड. २०१८ ला जकार्ता-पालेम्बांगला ते यजमान, गोल्ड किती? ३१! टॅलीत चौथा नंबर, आपण त्या वेळी आठवे. त्या ३१ पैकी १४ एकट्या पेंचाक सिलाटची, म्हणजे त्यांच्या पारंपरिक मार्शल आर्टची, यजमान म्हणून त्यांनी तो खेळ आणला. हांगझोऊला पेंचाक सिलाट नव्हतं, इंडोनेशिया ७ गोल्डवर आलं. आपलंही असंच झालेलं आहे, १९८२ ला दिल्लीत १३ गोल्ड आणि चार वर्षांनी सोलला ५, त्या पाचातली ४ पी. टी. उषाची (एक रिले धरून) आणि एक पैलवान कर्तारसिंगचं. घरच्या मैदानावर फुगलेला आकडा पुढच्या वेळी टिकला तर देश पुढं गेला म्हणायचं. दक्षिण कोरियानं १९८२ ला २८ आणि १९८६ ला घरच्या सोलमध्ये ९३ गोल्ड घेतली, चीनपेक्षा फक्त एक कमी, आणि नंतर ९३ राहिली नाहीत तरी पहिल्या तिनातून ते कधी हलले नाहीत, याला मी खरी वाढ म्हणतो.

कोरियाच्या मुलांना अजून एक कारण असतं. तिथं तरुणांना सक्तीची लष्करी सेवा आहे, आणि एशियाडचं गोल्ड किंवा ऑलिम्पिकचं कुठलंही मेडल मिळालं तर त्यातून सूट मिळते. सन ह्युंग-मिनसारखा युरोपात खेळणारा फुटबॉलपटू २०१८ च्या एशियाडला जीव तोडून खेळला तो का, ते यावरून कळतं. उलट जपान फुटबॉलसारख्या खेळात एशियाडला पोरंसोरं, कॉलेजचे खेळाडू पाठवतं, त्यांचं लक्ष ऑलिम्पिकवर. जकार्ताची ७५ गोल्ड हांगझोऊला ५२ झाली म्हणून जपान घसरलं का? पॅरिसला त्यांनी २० गोल्ड घेतली, म्हणजे नाही.

आणि मला सगळ्यात जास्त शिकण्यासारखा देश वाटतो उझबेकिस्तान. लोकसंख्या साडेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशापेक्षा कमी. हांगझोऊला २२ गोल्ड, एकूण ७१ मेडल, टॅलीत आपल्या खाली पाचवे. पॅरिसला ८ गोल्ड, त्यातली ५ बॉक्सिंगची! आपल्याला पॅरिसला १ सिल्व्हर आणि ५ ब्राँझ. त्यांनी काय केलं तर बॉक्सिंग, कुस्ती, ज्युदो, तायक्वांदो असे आठ-दहा खेळच धरले, जिथं वजनगट भरपूर, म्हणजे मेडल भरपूर, आणि एका मेडलला एकच माणूस लागतो. हॉकीचं एक गोल्ड आणायला १८ खेळाडू न्यावे लागतात, कुस्तीत १८ पैलवान नेले तर १८ मेडलची शक्यता असते. हॉकी सोडा असं मी म्हणत नाही, हॉकी आपला जीव आहे, पण कुस्तीत आपण हांगझोऊला एकही गोल्ड आणलं नाही, एक सिल्व्हर आणि पाच ब्राँझ, आणि बॉक्सिंगमध्येही गोल्ड शून्य. ज्या महाराष्ट्रात गावोगाव तालमी आहेत, जत्रेत फड लागतात, तिथं मॅटवरची कुस्ती अजून कमी पडते ही गोष्ट मला खुपते.

चीनबद्दल लोक विचारतात तेव्हा २०१ गोल्डचा आकडा घेऊन विचारतात. एकूण साधारण ४८० इव्हेंट, म्हणजे पाचातली दोन गोल्ड एका देशाकडं. पण त्यांचं पोट कुठं भरतं ते बघा. स्विमिंगच्या ४१ इव्हेंट, त्यातली २८ चीनची. डायव्हिंगची १०, दहाच्या दहा चीनची. फक्त पाण्यात ३८ झाली, आपल्या सगळ्या खेळांच्या गोल्डपेक्षा दहानं जास्त.

आणि पाण्यात आपलं काय? शून्य. मला हे लिहिताना त्रास होतो पण लिहायलाच हवं. १९५१ ला दिल्लीच्या पहिल्या एशियाडला सचिन नागनं १०० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड मिळवलं होतं, त्यानंतर आजपर्यंत पोहण्यात एशियाडचं गोल्ड नाही. १९८६ ला खजानसिंगचं सिल्व्हर, मग थेट २०१० ला आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ, २०१४ ला संदीप सेजवालचं ब्राँझ. २०१८ ला वीरधवल ५० मीटर फ्रीस्टाइलच्या फायनलला होता, सरकारी नोकरी सांभाळून परत पाण्यात उतरलेला, आणि त्याचं ब्राँझ गेलं ०.०१ सेकंदानं. एक शतांश! स्टॉपवॉच हातात घेऊन बघा, बटण दोनदा लागोपाठ कितीही पटकन दाबलं तरी एक शतांश काढता येत नाही. टॅलीत या रेसच्या नावावर काहीच नाही. म्हणून माझ्या वहीत मी चौथा ते आठवा हे नंबरसुद्धा लिहितो, आणि माझ्या मते देश पुढं चाललाय की नाही हे तिथं आधी दिसतं, मेडलमध्ये नंतर.

याचंच दुसरं टोक म्हणजे स्वप्नील कुसाळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. हांगझोऊला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा) वैयक्तिक फायनलला तो पुढं होता, शेवटी शेवटी एक शॉट ७.६ चा गेला आणि तो चौथा झाला. टीमचं गोल्ड होतं पण वैयक्तिक नाही. टॅलीवाल्यांनी त्याला सोडून दिलं, आणि दहा महिन्यांनी पॅरिसला त्यानं त्याच इव्हेंटचं ब्राँझ आणलं. वीरधवलच्या चौथ्या नंबरनंतर त्याच्या मागं पुढचा पोहणारा तयार नव्हता, स्वप्नीलच्या बाजूला मात्र ऐश्वर्य आणि अखिल शेरॉन उभे होते, रोज आपसातच स्पर्धा. हा फरक आहे. हांगझोऊला शूटिंगमध्ये २२ मेडल आली ती यामुळे, आणि ॲथलेटिक्सच्या २९ मध्ये १४ सिल्व्हर आली तीसुद्धा यामुळेच. माझ्या दृष्टीनं त्या २८ गोल्डपेक्षा ही १४ सिल्व्हर मोठी बातमी होती.

कबड्डीचंही सांगतो, कारण तिथं आपण फार निर्धास्त असतो. १९९० ला बीजिंगमध्ये कबड्डी आली, त्या वर्षी भारताला सगळ्या खेळांत मिळून एकच गोल्ड मिळालं आणि ते कबड्डीचं. २०१८ पर्यंत आपण कधी हरलो नाही. मग जकार्ताला पुरुष सेमीफायनलला इराणकडून हरले आणि महिला फायनलला इराणकडूनच. त्या इराणी मुलींची कोच कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्या मातीतली बाई बाहेर गेली, तिथल्या मुलींना तिनं आपला खेळ शिकवला आणि गोल्ड मिळवून दिलं, मला यात वाईट काही दिसत नाही, उलट खेळ असाच वाढतो. हांगझोऊला दोन्ही गोल्ड परत आली, पण महिलांनी चायनीज तैपेईला म्हणजे तैवानला हरवलं ते २६-२५ नं. म्हणजे २ गोल्ड हा आकडा जुनाच दिसतो, आतलं अंतर मात्र एका पॉइंटवर आलंय.

आता शेवटचा भाग, "जपान-कोरियाला आपण कधी गाठणार". कोरियाची ४२ आणि आपली २८, मध्ये १४ गोल्ड. कुस्ती, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंगमध्ये आपली गोल्ड शून्य होती, तिथं पाच-सहा निघू शकतात. बाकीची पाणी आणि ट्रॅकवरून यायला पाहिजेत. ट्रॅकचं मला माहितेय म्हणून तेवढंच बोलतो.

आपल्या ग्रामीण महाराष्ट्रात पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर जा, रस्त्यावर शेकड्यानं पोरं-पोरी पळताना दिसतील. एवढी पळणारी तरुण मुलं जपानमध्येही एका जिल्ह्यात असतील का मला शंका आहे. ही सगळी पोलीस भरतीची तयारी करतात, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदात काढलं की पैकीच्या पैकी मार्क. तिथं सगळं थांबतं. माझ्याकडं एक पोरगा होता, एकोणीस वर्षांचा, घरी दोन एकर कोरडवाहू, त्यानं ट्रायलला १५०० मीटर ४:०८ काढले होते, स्पाइक्स न घालता. त्याला ५:१० म्हणजे सकाळचा जॉग होता. मी त्याला स्टीपलचेसला घेतलं. आमच्याकडं वॉटर जंपचा खड्डा आहे पण त्यात पाणी नसतं, तळाला भेगा गेल्यात, कोरड्या खड्ड्यात उडी मारायला मी देत नाही कारण घोटा जातो, म्हणून आम्ही लाँग जंपच्या वाळूच्या खड्ड्यापुढं दोन ड्रमवर ओंडका ठेवून लँडिंग शिकतो. आठ महिन्यांत तो अडथळ्यावर पाय न ठेवता जायला लागला होता, लय बसत होती. मग भरती निघाली, तो लागला, ट्रेनिंगला गेला. मी त्याला अडवलं नाही आणि अडवणारही नव्हतो, घरात पगार येणं आधी. पण नोकरी लागल्यावरही त्याला दिवसाला दोन सेशन आणि वर्षाला आठ-दहा चांगल्या रेस मिळाल्या असत्या तर तो कुठं गेला असता हे मला आजही वाटतं. जपानमध्ये कंपन्यांच्या रनिंग टीम आहेत, नोकरीही तीच आणि पळणंही तेच. साबळेचं तसंच झालं, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा बारावीनंतर आर्मीत गेला, सियाचीनला राहिला, आणि पळायला लागला तो आर्मीच्या क्रॉसकंट्रीतून. शाळेनं नाही शोधला, जिल्ह्यानं नाही, आम्ही कोच लोकांनीसुद्धा नाही, युनिटनं शोधला आणि वेळ दिला.

म्हणून तुम्हाला पुढच्या एशियाडला देशाची कामगिरी स्वतः तपासायची असेल तर टॅली उघडायच्या आधी दोन कागद बघा. एक, स्विमिंगच्या फायनलची नावं, आठ लेनमध्ये आपलं नाव किती रेसमध्ये आहे. दुसरा, पुरुषांच्या स्टीपलचेसचा रिझल्ट, आणि त्यात साबळे कितवा ते नाही, साबळेबरोबर उतरलेला दुसरा भारतीय कितवा आणि किती सेकंदांनी मागं. एका इव्हेंटला देशाचे दोघंच उतरवता येतात. तो दुसरा कोण आहे, आला कुठून, आणि त्याला पाण्यानं भरलेला खड्डा पहिल्यांदा कितव्या वर्षी मिळाला, मी तरी तेवढंच शोधणार आहे.